एका फांदीच्या शेंगा

माझे वडील, आण्णा, फौजेतून सुटून आले ते म्हसवडजवळच्या आमच्या माळावर सुबाभूळ लावायचं खूळ घेऊनच. सरपण होईल, शेळ्यांना पाला होईल, लाकूड कागदाच्या कारखान्याला जाईल. झाडं आलीही झ्याक. मग कुठूनशी ती बारीक पिवळी कीड आली आणि शेंडे करपायला लागले. "तू येवढी शिकतीयास, एखादं टिकणारं झाड हुडीक की," असं आण्णा म्हणाले, आणि मी खुळी, तोच पीएच.डी.चा विषय घेऊन बसले.

काम असं होतं, की पानातला डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याचे तुकडे वाढवायचे आणि जेलीसारख्या थरावर, म्हणजे जेलवर, विजेनं पळवायचे. दिव्याखाली पट्टे दिसतात. पट्टे वेगळे, तर झाड वेगळ्या रक्ताचं. आणि वेगळ्या रक्ताचं एखादं किडीला पुरून उरेल, ही आशा. कुपवाडच्या कारखान्यांच्या कुंपणापासून साताऱ्यापर्यंत एसटीनं हिंडून मी पाला गोळा केला. पट्टे आले ते सगळे सारखे! माझे मार्गदर्शक सर भडकले. "एकाच झाडाचा पाला सगळ्या पाकिटांत भरलास काय गं?" मला रडूच आलं. सगळं परत केलं. परत तेच.

शेवटी, ही रोपं जिथून वाटली गेली होती त्या साताऱ्याजवळच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं मला फाटकाजवळचं झाड दाखवलं.

"बी म्हंजे ह्येचंच. बाकीच्यांवर चढाय लागतं, ह्येची फांदी हाताला येती. समद्या गावांत माझ्याच हातचं बी हाय बघा, ताई!"

केवढा अभिमान त्याच्या तोंडावर! त्याला काय बोलणार, कपाळ? सुबाभळीचं फूल आपल्याच परागावर फळतं. त्या एका झाडाची लेकरं म्हणजे तेच झाड, गावोगाव उभं. एकाला कीड लागली की सगळ्यांना लागणार.

घरी गेले तर आण्णांनी विहिरीच्या कडेच्या एका झाडाला जुन्या वर्दीची चिंधी बांधलेली. "ह्याला एक बी किडा न्हाई. बघ तरी." पाला घेऊन सांगलीच्या प्रयोगशाळेत पळाले. दोन दिवसांनी पट्टे आले, तेच. विहिरीच्या ओलीवर तगलं होतं बिचारं, दुसरं काही नाही.

हे सांगायला पुढच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा आण्णा वाफ्याला पाणी घालत होते.

"तुझी वाट कुटवर बघू? त्याच झाडाच्या शेंगा फोडून पेरल्या. आता समदा माळ ह्याच बियाचा करतो."

खूप दिवसांनी हसत होते. माझ्या पिशवीत जेलचा फोटो होता. तो काढायचा मला धीर झाला नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

"कशी आल्यात?" त्यांनी विचारलं.

"छान आलीत, आण्णा," मी म्हणाले. कडेच्या एका रोपाच्या शेंड्यावर पिवळी कीड बसलेली मला दिसली होती.