कवळीवाल्यांचा अंदाज

वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीवाल्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत तयार झालं होतं. दंतवैद्य ठसे पाठवायचे. हे त्यात प्लास्टर ओतून जबडे करायचे, मेणात एकेक दात बसवायचे, शेवटी कवळी मोटरवर घासून चकचकीत करायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी दात करून भरलं," हा त्यांचा तीस वर्षांचा विनोद. हल्ली अर्ध्यावर आला की बायकोच तो पूर्ण करून टाकायची.

लेक कर सल्लागाराच्या ऑफिसात लागली, तेव्हा तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तेच हौसेने फाईल घेऊन बसले. जेवणं आटोपली होती. समोर मेव्हणा स्वतःच्या नव्या गाडीचे गोडवे गात होता. लेकीने समजावलं, पगारदाराचा कर मालक कापतो. तुमच्यासारख्या स्वतःचा धंदा असलेल्याने वर्षाच्या कमाईचा आधीच अंदाज बांधायचा आणि कर चार हप्त्यांत आगाऊ भरायचा. "तर बाबा, यंदा किती होतील?"

खरं उत्तर त्यांना पाठ होतं. दोन मोठ्या दंतवैद्यांनी यंत्रावर दात बनवणाऱ्या कंपनीला काम दिलं होतं, कमाई निम्म्यावर येणार होती. पण मेव्हण्याने नेमकी तेव्हाच गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. कवळीवाल्यांनी घसा साफ केला आणि गेल्या वर्षीपेक्षाही मोठा आकडा ठोकून दिला. मेव्हण्याच्या भुवया वर गेल्या, बायको खुर्चीत ताठ बसली, आणि लेकीने आकडा लिहून घेतला.

पहिला हप्ता शिलकीतून गेला. दुसऱ्यासाठी घासायची मोटर विकली. बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. मग पंधरा पंधरा दिवसांनी येणारी एखादी कवळी ते हाताने घासत बसायचे, दार लोटून. तिसऱ्या हप्त्याला एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडून उचल घेतली. न झालेल्या कमाईवर कर, आणि तो भरायला न केलेल्या कामाचे पैसे. दर वेळी लेक विचारायची, आकडा तोच ठेवू ना, बदलता येतो. दर वेळी ते म्हणायचे, तोच ठेव, आणि फाईलकडे बघायचं टाळायचे. फाईलवर तिने सुरेख अक्षरात 'बाबा' लिहिलं होतं.

शेवटच्या हप्त्याला चार दिवस उरले, तेव्हा ती मागच्या खोलीत आली. विकायला आता काही नव्हतं. मागायचं तर मेव्हण्याकडेच मागायचं.

"आकडा तोच ठेवू?"

मेणात बसवलेला दात तिरका गेला. त्यांनी तो उपसला. "कमी कर."

"किती?"

"बराच."

लेक स्टुलावर बसली. कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "प्लास्टरचं पोतं पूर्वी महिन्यात संपायचं. हे दुसऱ्या हप्त्यापासून तसंच आहे."

"तेव्हापासून कळलंय तुला? मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार बाबा? तुम्हाला विचारायचीच लाज वाटली. बदलता येतो म्हणायचे, तेवढंच जमलं."

आपली लाज आपण एकटेच गिळतोय, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. ती पोरीलाही गिळायला लावली होती.

लेक ऑफिसातल्या आवाजात सांगू लागली. हा हप्ता भरायला नको. जास्तीचे परत मिळतील, पण वर्ष संपल्यावर, हिशेब सरकारला दिल्यावरच. "आता खरा आकडा सांगा."

त्यांनी सांगितला.

"ऐकू नाही आलं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. त्यांनी पुन्हा सांगितला, मोठ्याने. नळ बंद झाला.

बायको हात पुसत दारात आली. मोटरच्या रिकाम्या जागेकडे तिने बराच वेळ पाहिलं. "दुरुस्तीला नव्हतीच ना?"

"विकली," ते म्हणाले.

"मी भावाला वर्षभर ऐकवलंय," ती म्हणाली. "आमच्या ह्यांची कमाई वाढली म्हणून. रविवारी यायचाय तो. त्याला कोण सांगणार?"

"मी," कवळीवाले म्हणाले. इतकं हळू, की ओठच हलले. पण या वेळी कुणी पुन्हा बोलायला लावलं नाही.