आई पाणी का पीत नाही
आत्ता वडनेर भोलजीला आईच्या घरी बसून लिहितेय. डोकं तापलंय.

पडल्यापासून आईला एकटीनं उठता येत नाही. म्हणून एजन्सीची एक बाई दिवसभर तिच्याजवळ असते. आज मी न कळवता आले. आईचे ओठ पार सुकलेले. पाणी दिलं, तर तिनं आधी बाईकडं पाहिलं आणि एकच घोट घेतला.

तेवढ्यात सेवा कशी आहे ते विचारायला एजन्सीचा फोन आला, बाईच्याच मोबाईलवर. तिनं तो आईच्या तोंडाशी धरला.

"आजी, काही तक्रार?"

"नाही बापा. लय जीव लावते."

बाई कपडे वाळू घालायला अंगणात गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "आई, पाणी काऊन नाही पेत तू?"

"पेलं का लघवीले उठा लागते. मंग हे बाई चिडते." तिनं माझा हात घट्ट धरला. "तिले काही बोलू नको. तू गेली का मले तिच्याच हाती राहा लागते."

एजन्सीला आता मीच फोन लावतेय. तुम्ही फक्त एवढं सांगा, घरच्या म्हाताऱ्या माणसाला "कसं चाललंय" विचारता, तेव्हा फोन कोणाच्या हातात असतो?