सुमनच्या फॉर्मातला रिकामा रकाना

एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. दर पुनवेला नरसोबाच्या वाडीला जाते, तिथं पादुकांपुढं उभी राहते, हात जोडते, डोळे मिटते — आणि मुकाट्यानं पेढे घेऊन परतीच्या एस.टी.त बसते. देवाला काय, ठाऊकच असणार. मग तोंड कशाला उघडायचं? तुम्हाला मात्र सांगणार आहे. का, ते विचारू नका. तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढं पुरे.

आधीच सांगते, मी सुखात आहे. रडगाणं ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. मी बालवाडीची बाई. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत, रस्त्यात भेटली की "बाई, बाई" करत पायाशी वाकतात, आणि मला ते आवडतं — का आवडू नये? नवरा शांत माणूस. पोरं मार्गी लागलीत. दुपारी भाकरी खाल्ली की गाढ झोप लागते. मनाला टोचणी लागली की माणसाची झोप उडते म्हणतात. माझी नाही उडाली. हेही कबुलीतच धरा.

तर आमचं घर दूधवाल्यांचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दिवस उगवायला म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. घरात सुना दोन. थोरली मी आणि धाकटी सुमन, पन्हाळ्याच्या पायथ्याची. दोघींचं लग्न ठरताना दोघींच्या बापांनी एकच वाक्य सांगितलेलं — "मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकलीय." म्हणजे काय, ते सगळ्यांना कळायचं. पास असती तर "मॅट्रिक झालीय" म्हणाले असते. "पर्यंत" म्हटलं की नापास. आमच्याकडं नापास पोरगी नसायचीच, सगळ्या आपल्या "पर्यंत".

मी गणितात गेलेली, ती इंग्रजीत. मी शेण काढता काढता हे तिला सांगितलं आणि दोघी म्हशीच्या आडोशाला पोट धरून हसलो. माझं इंग्रजी बरं होतं, तिला गणित म्हणजे पाणी पिण्यासारखं. तेव्हापासून ती मला अक्का म्हणायला लागली. त्याआधी "थोरल्या बाई" म्हणायची.

मग गल्लीतल्या महिला मंडळानं बालवाडी काढायचं ठरवलं. शिकवायला बाई पाहिजे, मॅट्रिक पास पाहिजे. मंडळाच्या सेक्रेटरीबाई आमच्याकडं दूध न्यायच्या, त्यांनीच सुचवलं — बाहेरून बसा की, ऑक्टोबरात परीक्षा असते. मामंजींना विचारायला आम्ही दोघी पदर सावरून उभ्या. ते म्हणाले, "बसा की! शिकायला कोण न्हाई म्हणतंय? पर कामाला एकटीच जाईल. दोघी गेल्या तर म्हशी काय मी पाठीवर घिऊन हिंडू?"

एकटीच. त्या शब्दानं काय केलं, ते त्या दिवशी मला कळलं नाही. सुमनला तर कधीच कळलं नाही.

दुपारच्या वेळी, धारा आणि भाकऱ्या उरकल्या की गोठ्याच्या पलीकडच्या पडवीत आमचा अभ्यास चालायचा. ती मला गणित शिकवायची. काय शिकवायची म्हणून सांगू! शाळेत मास्तरांनी छडीनं जे डोक्यात घातलं नाही, ते तिनं शेंगदाणे मांडून घातलं. व्याज, नफा-तोटा, बीजगणितातला तो मेला एक्स. चुकले की रागवायची नाही. "अक्का, हितंच तर गंमत हाय," म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी तिला इंग्रजी शिकवायची, आणि मी रागवायची. स्पेलिंग चुकलं की डोक्यात टपली. हसायची ती.

एके दिवशी सेक्रेटरीबाई दुधाला आल्या आणि पडवीशी थबकल्या. सुमन शेजारच्या दोन पोरींना गोळा करून गोष्ट सांगत होती, पोरी तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या. बाई मला म्हणाल्या, "तुमची धाकटी जाऊ फार चुणचुणीत आहे हो. अशीच पाहिजे आम्हाला." मी हसून "व्हय की" म्हणाले आणि दूध मोजून दिलं.

आता तुम्हीच सांगा, काय झालं असेल मला? जळाले का? जळाले. दुसरा शब्द शोधायचा खूप प्रयत्न केला, सापडला नाही. मी थोरली. धाकटी रोज सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून "बाई" व्हायला जाणार आणि मी शेणात हात घालून तिला वाट देणार? उद्या गल्ली तिला नमस्कार घालणार, आणि मला — "बाईंची थोरली जाऊ"? असं सगळं मनात यायचं. पण म्हणून लगेच काही केलं नाही. अभ्यास तसाच चालू. टपल्याही तशाच.

आणि एक गोष्ट तिच्या बाजूची होती, ती सांगायलाच हवी. तेव्हा नापासांना सूट मागता यायची. म्हणजे आधीच्या खेपेला ज्या विषयात बऱ्यापैकी मार्क पडलेत, तो विषय पुन्हा द्यायचा नाही. मला सूट मिळण्याजोगं फारसं काही नव्हतं, सगळ्यात काठावर. सुमनला इंग्रजी सोडून सगळ्यात सूट मिळत होती. एकच पेपर! एका पेपरावर ती मॅट्रिक. पण सूट आपोआप मिळत नव्हती. फॉर्मात तिचा रकाना असायचा, त्यात विषय लिहायचे, जुनी मार्कलिस्ट जोडायची. मागितली तर सूट. नाही मागितली तर सगळे विषय पहिल्यापासून.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. शाहूपुरीतल्या एका शाळेत खिडकीवर घेत होते. आम्ही दोघींनी जायचं ठरलेलं, आणि नेमकी त्याच सकाळी म्हैस अडली. सुमनशिवाय ती म्हैस कुणाला जवळ येऊ देत नव्हती. "अक्का, तू जा की. माझा बी भर. तुझं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. कोऱ्या फॉर्मावर सही करून दिली — कोऱ्या! — आणि मार्कलिस्टची घडी माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातली.

शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी आधी माझा फॉर्म भरला. मग तिचा. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. मग तो रकाना आला. आणि मी — काय सांगू — पेन उचललं. कुणी हाक मारली नाही, धक्का लागला नाही. शाई संपली नाही. मी पेन उचललं, तो रकाना कोरा सोडला आणि खालचा भरायला घेतला.

तरी इथवर सावरता आलं असतं, नाही का? विसरले, घाई झाली, असं आज म्हणता आलं असतं. पण खिडकीवरच्या क्लार्कला कसली घाई नव्हती. म्हातारा माणूस, कामाला चोख. त्यानं चष्मा नाकावर घेऊन फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "सूट मागायची न्हाई व्हय? मार्कलिस्ट आणलीया का?"

मार्कलिस्ट माझ्या काखेतल्या पिशवीत होती.

मी म्हणाले, "नको. सगळं विषय देणार हाय ती."

एवढंच. एवढंच मी केलं. त्यानं शिक्का मारला, पावती फाडली, मागच्या माणसाला हाक मारली. मी घरी आले तर म्हैस मोकळी झालेली, पारडी झालेली, सुमन कोपरापर्यंत माखलेली आणि आनंदानं फुललेली. "दिला का फॉर्म?" "दिला." मार्कलिस्ट मी तिच्या पेटीत ठेवली, होती तिथंच.

पुढं हॉलतिकीट आलं. त्याच्यावर सगळे विषय. ती भांबावली. "अगं बया, ह्यांनी समदंच घातलंय की! आपण तर सूट लिवली हुती न्हवं?" आपण, म्हणाली ती. मी म्हणाले, "बोर्डाचा घोळ असंल. पुण्यापातुर आता कोण जातंय?" परीक्षेला अजून दिवस होते. अर्ज केला असता, मार्कलिस्ट दाखवली असती, तर झालं असतं कदाचित. सेक्रेटरीबाईंनी मदत केली असती. मी कुणाला विचारूच दिलं नाही. "तू हुशार हाईस, देशील की सगळं," असं वर तिलाच चढवलं. आणि ती चढली! म्हशींचं काम सांभाळून सगळे विषय पुन्हा काढून बसली. आणि तशातही माझं गणित घ्यायचं सोडलं नाही.

निकाल कसा लागला ते ऐका. मी पास झाले, गणितासकट. सुमन इंग्रजीत पास झाली — ज्यात ती आधी गेली होती त्यात — आणि शास्त्रात गेली. त्या शास्त्रात, ज्यात तिला सूट होती. इंग्रजीचा एकटा पेपर असता तर आज ती बाई असती. हे तिलाही कळत होतं. "बोर्डानं घात केला बघ, अक्का," एवढंच म्हणाली, आणि माझ्या पासाचे पेढे तिनंच घरोघर वाटले.

पुन्हा बसता आलं असतं तिला. मामंजी म्हणाले, एक झाली न्हवं पास, आता बास. मी शेजारीच उभी होते. "बसू द्या की तिला," हे चार शब्द मला जड झाले. नंतर नवी दहावी आली, जुना कोर्स मोडीत निघाला, तो विषयच संपला.

माझं बरं चाललं, हे मी आधीच सांगितलं. तिचंही वाईट चाललं नाही. मामंजींच्या माघारी दुधाचा सगळा कारभार तिच्याकडं आला, आणि तिचा आवाज असा की कट्ट्यावरचे गडी टरकतात. हसते, खाते, पोरींना दम भरते. कधी रुसून बसलेली मी पाहिली नाही. पण एक पाहिलंय. आमच्या बालवाडीच्या खिडकीशी ती दूध द्यायला येते तेव्हा पोरांच्या कवितेला थोडी थांबते. कविता संपेपर्यंत थांबते. मग जाते. मी तिकडं पाहत नाही.

आणि माझं नाव झालं ते कशानं, सांगू? फॉर्म भरण्यानं! गल्लीतली कुणी नापास झाली, कुणाची शाळा सुटली, की माझ्याकडं. कुणाचा बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, कुणाचा ऑक्टोबरचा. रकाना न् रकाना मी तपासते. कितीजणी मॅट्रिक झाल्या, नर्सा झाल्या. प्रायश्चित्त म्हणून केलं असं म्हणू का? खोटं होईल. मला मान मिळायचा, म्हणून केलं.

गेल्या वर्षी मंडळानं याच कामासाठी माझा सत्कार ठेवला. भाषणं झाली. शेवटी कुणीतरी सुमनला पुढं ढकललं. ती आयुष्यात कधी माईकपुढं उभी राहिली नव्हती, पण घाबरली नाही. म्हणाली, "मी काय मॅट्रिक न्हाई. माझ्या येळंला बोर्डानं घोळ घातला. पर अक्कानं माझ्यासाठी लय केलं. माझा निकाल लागला तवा माझ्यापरास जास्त तीच रडली हुती. मी बघितलंय."

रडले होते हे खरं आहे. न्हाणीघरात, नळ सोडून. तिनं पाहिलं, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. सुमननंच माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि वाकून पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्या नारळाच्या वड्या केल्या, वेलदोडा घालून. झकास झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.