कुंभारीच्या कप्तानाला दाखवलेलं हिरवं कार्ड

मी पंच झाले ती खेळायचं थांबल्यावर. गुडघ्यानं दगा दिला, पाठोपाठ शाळेत पी.टी.च्या बाईची नोकरी लागली आणि हॉकी काही सुटेना म्हणून गळ्यात शिट्टी आली.

सोलापुरात हॉकी खेळणाऱ्या मुली मुळात थोड्या. त्यात हॉलमधली हॉकी म्हणजे आणखी थोड्या. बॅडमिंटनचं जाळं सोडायचं, दोन्ही लांब कडांना लाकडी फळ्या आडव्या टाकायच्या आणि पाच-पाच मुलींचे संघ उतरवायचे. नवख्याला वाटतं, मैदानावरचाच खेळ, जागा तेवढी कमी. पण इथं चेंडू मारायचा नसतो, ढकलायचा असतो. स्टिक मागं नेऊन टोला दिला की फाऊल, मग गोल कितीही देखणा असो. जागा अरुंद, टोल्यानं एखादीचा दात जायचा, म्हणून हा नियम. मुली चलाख असतात. स्टिक वीतभर मागं जाते आणि येते. पंचाची पापणी लवली की गेलं.

माझ्या जोडीला पंच असायचे ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले एक फिटर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई. सामन्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचे, पिशवीतून पांढरे बूट काढायचे, घातलेले काळे बूट त्यात ठेवायचे. एका टोकाला एक न्याय आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, हे आम्ही दोघांनीही खेळाडू म्हणून सोसलं होतं. त्यामुळं सामना सुरू व्हायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही स्टिक घेऊन उभे राहायचो. भाऊ चेंडू ढकलून दाखवायचे.

"एवढं चालंल का, बाई?"

"एवढं चालेल."

"आनि हे?"

"हे नाही. हा टोला झाला."

"मग आज दोनी बाजूला ह्यो टोलाच."

आणखी एक करार होता. हॉलचं एक अर्ध त्यांचं, एक अर्ध माझं. गोलसमोरच्या अर्धगोलाला, म्हणजे डीला, ज्याच्या त्याच्या बाजूचा पंच जबाबदार. "तुमच्या डीत मी तोंड घालनार न्हाय, माज्या डीत तुमी घालायचं न्हाय," भाऊ म्हणाले होते. "न्हायतर पोरींनी बघायचं कुनाकडं?" मला ते पटलं होतं. आमच्या जोडीनं दिलेल्या निर्णयावर कुणी वाद घालत नाही, याचा मला अभिमानही होता. स्पर्धेत आमची नावं लागली की संघांचे सर लोक निवांत व्हायचे.

त्या वर्षी मुलींच्या अंतिम सामन्यात कुंभारीकडच्या कामगार वसाहतीतला संघ आला. दुसरा संघ शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेचा. कुंभारीच्या मुली विड्या वळणाऱ्या घरांतल्या, आपसात तेलुगू बोलायच्या. त्यांची कप्तान बारावीला होती. अंगानं किडकिडीत, पण फळीवर चेंडू आपटून तो परत नेमका स्वतःच्या स्टिकवर घ्यायची, तेव्हा मी पंच आहे हे विसरून बघत राहावं असं व्हायचं. दोन वर्षं मी तिचे सामने बघत होते. शिट्टी वाजली की चेंडू खाली ठेवायची आणि मागं सरायची. एकदाही तिनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. जिंकणारा संघ पुढं विभागाच्या सामन्यांना जाणार होता. तिथं खेळल्याचं प्रमाणपत्र असलं तर कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळतो, हे तिच्या सरांनी तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं आणि तेवढ्यावर आईनं तिला बारावीपर्यंत खेळू दिलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. पंचाला अशा गोष्टी माहीत नसाव्यात, पण सोलापूर एवढंसं आहे.

पहिल्या अर्धात शहराचा संघ माझ्या बाजूच्या गोलवर चढाई करत होता. त्यांच्या एका मुलीनं डीच्या कडेवरून गोल केला. कुंभारीची एक मुलगी माझ्या आणि तिच्या मधे आली होती. मला स्टिक दिसली नाही, चेंडू जाळीत गेलेला दिसला. मी गोल दिला. कुणी काही बोललं नाही. कुंभारीचे सर बाकावरून त्यांच्या मुलींना म्हणाले, "बाईंनी दिलाय म्हंजे बरोबरच असंल. चला, खेळा."

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आता कुंभारीच्या मुली माझ्या गोलवर येऊ लागल्या. दोन-दोन अशी बरोबरी होती. शेवटची तीन-चार मिनिटं उरली असतील. कप्तानानं फळीवरून चेंडू घेतला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि डीत शिरून गोल केला. तिची स्टिक मागं गेली होती. वीतभर. मला स्वच्छ दिसलं. मी शिट्टी वाजवली आणि हात हलवून गोल नाही असं सांगितलं.

ती जागची हलली नाही. मग माझ्यापाशी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, त्यांचा दिला की. पहिल्या हाफमध्ये. तसाच होता. मग माझा का नाही?"

"खेळ सुरू कर," मी म्हणाले.

"मॅडम, मी भांडत नाही. विचारते फक्त. त्यांचा का दिला?"

हॉलमध्ये सगळे बघत होते. मला उत्तर देता येत नव्हतं. ते येत नाही हेही त्या क्षणी मला कळलं नाही. कळलं ते एवढंच की एक मुलगी माझ्या निर्णयावर बोट ठेवून उभी आहे. मी खिशातून हिरवं कार्ड काढून तिला दाखवलं. हिरवं कार्ड म्हणजे एक मिनिट बाहेर, आणि तेवढा वेळ संघानं एक मुलगी कमी घेऊन खेळायचं. ती स्टिक खाली धरून खुर्चीवर जाऊन बसली. त्या एका मिनिटात पलीकडं, भाऊंच्या बाजूला, शहराच्या मुलींनी गोल केला. तो गोल चोख होता. सामना तिथंच संपल्यासारखा झाला.

बक्षीस समारंभात तिनं उपविजेत्यांचा चषक घेतला आणि रीतीप्रमाणे दोन्ही पंचांशी हात मिळवला. हात गार होता. माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत आली. जिंकलेल्या संघातल्या कुणाच्या तरी पालकानं काढलेली, खाली गाणं लावलेलं, गोल तेवढे जोडलेले. पहिल्या अर्धातला तो गोल पलीकडच्या कोपऱ्यातून घेतला होता. तिथून मधे कुणी येत नव्हतं. त्या मुलीची स्टिक मागं गेली होती. वीतभर नाही, चांगली हातभर.

मी गाण्याचा आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. मग आवाज चालू करून, फोन कानाला लावून गाण्याखाली काय ऐकू येतं ते पाहिलं. ढकललेल्या चेंडूचा आवाज वेगळा असतो, मारलेल्याचा वेगळा. गाण्यात काही कळलं नाही. पण मला तशी गरज नव्हती. तो आवाज मी त्या दिवशी हॉलमध्ये ऐकला होता. ऐकला होता, आणि दिसलं नाही त्यावर शिट्टी कशाला वाजवायची म्हणून गोल दिला होता. नवरा चहा घेऊन आला तेव्हा मी तशीच बसले होते. "कुणी गेलं का?" त्यानं विचारलं. नाही म्हणाले.

मी भाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाई, मला तवाच दिसलं हुतं," ते म्हणाले.

"काय दिसलं होतं?"

"त्यो टोला. माज्या बाजूनं सरळ दिसत हुतं की."

"मग बोलला का नाही? वेळ थांबवायचा, मला बोलवायचं."

"तुमची डी हुती." मग म्हणाले, "आपलं ठरलंय की तसं. आनि मला वाटलं, तुमाला दिसलं असंल, तुमी काय तरी इचार करून दिला असंल. तुमी चुकत न्हाय म्हनून मी बी..."

मला राग यायला हवा होता, पण तो ठेवायला जागाच नव्हती. ते माझ्यावर विश्वास ठेवून गप्प राहिले होते, कुंभारीचे सरही. विश्वास न ठेवणारी एकच होती आणि तिलाच मी बाहेर बसवलं होतं.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला मी पत्र लिहिलं. पहिल्या अर्धातला गोल चुकीचा होता, कार्ड दाखवणं चुकीचं होतं, सामना पुन्हा घ्यावा किंवा निदान कप्तानाला विभागाच्या संघात घ्यावं. मंडळाचे चिटणीस माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, पत्र पूर्ण वाचलं.

"बाई, पंचाचा निर्णय अंतिम असतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलं," ते म्हणाले. "उद्या प्रत्येक जण मोबाइल घेऊन येईल. स्पर्धा कशी चालवायची?"

"मीच पंच आहे. मीच सांगते आहे, चुकलं म्हणून."

"सामना चालू असताना सांगायचं होतं. आता नावं पुढं गेली." पत्राची घडी घालून त्यांनी ते एका फाइलमध्ये सरकवलं. "तुमचंच नाव खराब होईल. एवढी वर्षं कमावलेलं. राहू दे हे."

पुढच्या आठवड्यात मी कुंभारीला गेले. वसाहतीत घरं एकसारखी, बायकांना विचारत गेले. कप्तानाची आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी शाळेतली बाई आहे म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सतरंजी अंथरली. मुलगी आतून आली, मला बघून ओढणी सारखी केली.

मी जे झालं ते सांगितलं. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं, मंडळाला लिहिलंय पण ते काही करत नाहीत. ती ऐकत होती. आई तिला तेलुगूत काहीतरी विचारत होती, ती थोडक्यात सांगत होती. किती सांगितलं कोण जाणे.

"आई विचारते, मग सर्टिफिकेट मिळतं का?" ती म्हणाली.

"उपविजेत्याचं आहे तेच. त्याचा प्रवेशाला उपयोग नाही."

तिनं आईला सांगितलं. आईनं मान हलवली आणि पुन्हा काही म्हणाली.

"आता काय म्हणाल्या?"

"काही नाही. चहा घेणार का म्हणते." मग म्हणाली, "मॅडम, माझी पण स्टिक मागं गेलती. मला माहीत होतं. माझा नाही दिला ते बरोबरच होतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं, तुम्ही म्हणावं, हां, तो पण चुकला माझ्याकडून. मग मी खेळायला गेली असती."

मी म्हटलं, "आता म्हणते आहे."

"हां," ती म्हणाली. "ऐकलं मी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. चहा झाला. निघताना ती रस्त्यापर्यंत आली नाही.

बारावीनंतर ती गणवेश शिवायच्या एका कारखान्यात लागली. वर्षभरात लग्न होऊन भिवंडीला गेली. हे मला तिच्या सरांनी एका सामन्याच्या वेळी सांगितलं. सांगताना मला बोल लावावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. पोरगी खुशीत आहे म्हणाले. असेलही.

भाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी पंचगिरीही सोडली. डोळ्यांचं कारण सांगितलं. कधीमधी फोन करतात, तब्येतीचं बोलतात. त्या सामन्याचा विषय दोघंही काढत नाही.

मला मात्र मंडळानं काढलं नाही. उलट नव्या पंचांच्या उजळणी वर्गाला शिकवायला बोलावलं. चिटणीसांनी ओळख करून देताना सांगितलं, "अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटांत, कप्तानाला कार्ड दाखवायला हिंमत लागते. बाईंकडून ते शिका." टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि ठरवलेलं भाषण बाजूला ठेवून सगळं सांगितलं. गोल, टोला, ऐकलेला आवाज, कार्ड. चिटणीस खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी एका नव्या पंच मुलीनं हात वर केला.

"मॅडम, पण मग कप्तानाचा गोल द्यायला पाहिजे होता का? म्हणजे दोघींना सारखं झालं असतं."

"नाही. तो टोला होता."

"मग नाही दिला तर अन्याय, आणि दिला तर नियम मोडला. पंचानं करायचं काय?"

वर्गात सगळे वह्या उघडून उत्तराची वाट बघत होते. विचारलं तर कबूल करा, असं मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यानं कुंभारीच्या मुलींचं काय भलं झालं असतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि अजूनही नाही.

मी अजून पंच म्हणून जाते. सोडलं तर माझ्या जागी चिटणीसांच्या ओळखीतला एक जण येईल, आणि तो नियमाचं पुस्तकही उघडत नाही, एवढंच कारण. आता डीत मुलगी स्टिक उचलते तेव्हा मी चेंडूकडं बघतच नाही, स्टिककडं बघते, आणि त्यामुळं दुसरं काहीतरी सुटतं. एक धरावं तर एक निसटतं. दुसऱ्या टोकाला दर वेळी वेगळा पंच असतो. सामन्याआधी रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून मोजून घेऊ म्हटलं तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "तुम्ही द्याल तसं, मॅडम."

या वर्षी मुलींचे चारच संघ आले. कुंभारीचा नव्हता. मी दोन सामने केले, दोन्हींत कुणी काही विचारलं नाही.