अकलूजचा ऊस आणि पडद्यावरचं मैदान

सोलापूरहून ग्लायडर घेऊन आम्ही अकलूजकडे निघालो होतो. पुढच्या सीटवर मी, मागे माझे प्रशिक्षक. त्यांच्या हातात नवं नकाशायंत्र होतं. पडद्यावर आमचं विमान सरकताना दिसायचं. अकलूजजवळ वर उचलणारी गरम हवा मिळेना. इंजिन नाही, म्हणजे उतरणं भाग होतं.

"सरळ जा, पुढं मोकळं मैदान आहे," ते म्हणाले.

"सर, खाली सगळा ऊस आहे."

"नकाशात मैदान आहे ना? मग आहे!"

उंच, दाट ऊस मला दिसत होता आणि हा माणूस मान वर करायला तयार नव्हता. माझं डोकंच फिरलं. "कशालाही हात लावू नका, मी उतरवते," असं ओरडून मी डावीकडे वळले आणि ज्वारी काढलेल्या रानात विमान टेकवलं.

शेतकरी धावत आला. "लागलं न्हाय न्हवं, ताई?"

मी बोलायच्या आत सर म्हणाले, "यंत्र होतं म्हणून वाचलो."

"यंत्रानं आपल्याला उसात घातलं असतं!" मी शेतकऱ्यासमोरच ओरडले. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्लायडिंग क्लबात मी दुसरे प्रशिक्षक मागितले आणि कारण सगळ्यांदेखत सांगितलं.