विसर्जन न झालेले चित्र

मार्चमधल्या त्या दुपारी हॉलंडमधल्या लायडनच्या आमच्या घरात कॅलामाइन लोशनचा गार, खडूसारखा गंध भरून राहिला होता आणि खिडकीतला राखी प्रकाश सात वर्षांच्या ईराच्या अंगावरच्या पुरळावरून हलकेच सरकत होता. कांजिण्याच त्या; डॉक्टरांनी फोनवर पॅरासिटामॉल आणि धीर एवढेच सुचवले होते. परंतु ताप उतरत नव्हता, आणि तशात माझा नवरा शिरीष कालव्याकाठच्या जुन्या चित्रांच्या दुकानातून लाकडी ठशाने छापलेले एक जपानी चित्र घेऊन आला : केवळ तांबड्या रंगातला, दाढी पिंजारलेला, तलवार उगारलेला दैत्यसंहारक. जपानात पूर्वी देवीच्या साथीत असे चित्र मुलाच्या उशाशी लावीत. तांबडा रंग रोगदेवतेला आवरतो, ही श्रद्धा. मूल बरे झाले की चित्र जाळीत किंवा नदीत सोडीत.

"म्हणूनच तर इतकी कमी उरलीत," शिरीष कौतुकाने म्हणाला.

मग हे का उरले?

पुण्यात इतिहास शिकवताना 'देवी' हा रोग आहे, कोप नव्हे, हे मी मुलांना फळ्यावर लिहून समजावीत असे. तरीही मी चित्र प्रकाशासमोर धरले. कदाचित त्या काळी ते विकलेच गेले नसेल, कोरेच पडून राहिले असेल, अशी मनाची समजूत घालत होते, तोच वरच्या कडेला दोन बारीक छिद्रे दिसली. म्हणजे ते लावलेले होते, कुणाच्या तरी उशाशी. आणि विसर्जनाची वेळ आलीच नव्हती.

"अहो बाई, कांजिण्या आहेत, देवी नव्हेत," शिरीष हसला. "वर्गात एक आणि घरात एक?"

मी चित्र कपाटात ठेवू लागले, तर अंथरुणातून क्षीण आवाज आला, "आई, त्या अँग्री काकांना नको ना नेऊ. ही इज ऑन माय साइड."

ते राहिले. मी मात्र ईराच्या कपाळावरच्या घड्या बदलताना त्या रोखलेल्या डोळ्यांवर पाळत ठेवून होते. हा रक्षक, की आधीच्या एका पराभवाचा साक्षीदार, हे काही केल्या ठरत नव्हते.

ताप उतरला, खपल्या धरल्या. पहिल्याच उघडिपीला मी चित्र घेऊन कालव्याकडे निघाले, तशी ईरा दारात आडवी उभी राहिली. "नेय, आई!" शाळेतले डच 'नाही' तिच्या तोंडून आले. "काका इथेच राहणार."

ही शक्यता मला सुचलीच नव्हती : ते पूर्वीचे मूलही बरे झाले असेल, आणि बरे झाल्यामुळेच चित्र ठेवून घेण्याचा असा हट्ट करू शकले असेल.

टाचण्या मी जुन्याच छिद्रांत खोवल्या. शक्यता आहे, पुरावा नाही. म्हणून ईरा झोपली की अजूनही मी एकदा तिच्या कपाळाला हात लावून पाहते, आणि मग वर, त्याच्याकडे.