खंडेनवमीचा फोटो

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे आमची लॅब होती. बांधकामावरून काँक्रीटचे ठोकळे यायचे, त्यांना आम्ही क्यूब म्हणायचो. ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस झाले की ते मशीनखाली ठेवून फोडायचे आणि किती भार सोसला ते रिपोर्टात लिहायचं. त्या कागदाच्या जोरावर बिल्डिंगचे मजले चढायचे. रिपोर्ट मी टाइप करायची, सही काका करायचे. काका म्हणजे आमचे सिनियर, नात्याने कोणी नव्हेत. खाडीकाठच्या गावातले, निवृत्तीला आलेले. मला हे काम त्यांनीच बोटाला धरून शिकवलं.

सकाळच्या चहाला काका पेपर मोठ्याने वाचायचे. कुठल्याशा देशाचा मंत्री लाच घेताना पकडला गेलेला असायचा, कुठल्या बँकेचा साहेब विमानात बसून पळालेला असायचा. आम्ही दोघं मनापासून हळहळायचो. मग मालक आतून हाक मारायचे आणि आम्ही न आलेल्या क्यूबचा रिपोर्ट करायला बसायचो. रोज नाही, पण महिन्यातून एक-दोनदा नक्की. बिल्डर मालकांच्या ओळखीचा असायचा, क्यूब पाठवायचे राहून जायचे, कागद मात्र वेळेवर हवा असायचा. "टेन्शन घेऊ नका, माल चांगलाच वापरतात ते," मालक म्हणायचे. याला गुन्हा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. चांगलं ठाऊक होतं. पण पगार वेळेवर होत होता, कोपरखैरण्याहून यायला-जायला सोपं होतं, आणि सही माझी नव्हती.

काकांचा एकच नेम कडक होता. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे. मग दसरा उलटेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. एकदा खुद्द मालक घाईचं काम घेऊन आले, तर काकांनी त्यांनाही परत पाठवलं. "ते पन वर्षभर राबतंय. बसू दे जरा त्याला." मला अशी सुट्टी कधी देणार, म्हणून मी त्यांना चिडवायची. पूजेनंतर मशीनपुढे उभं राहून आम्ही सगळे फोटो काढायचो. खाली तारीख घालून, फ्रेम करून तो बाहेरच्या खोलीत लागायचा. दर वर्षी एक.

एके दिवशी करंजाड्याहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला भेग गेली होती, घराची चावी आत जाईल एवढी. सोसायटीने तक्रार केली होती, चौकशी लागली होती, आणि बाईंच्या हातात आमचा रिपोर्ट होता. त्यात सगळं उत्तम होतं. बाई भांडायला आल्या नव्हत्या.

"मला यातलं काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारायला आले. हे तुम्ही खरंच तपासलं होतं ना? मुलगी बाळंतपणाला आलीय घरी. तुम्ही हो म्हणालात तर मी निर्धास्त होईन."

मी पाणी आणायला उठले. बाई भिंतीवरचे फोटो बघत होत्या. "खंडेनवमी का? आम्ही शाळेत पाटीपूजन करायचो. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही."

मी त्यांच्या हातातल्या रिपोर्टाकडे पाहिलं. तपासणीची तारीख आणि समोरच्या फोटोखालची तारीख एकच होती. क्यूब आलेच नव्हते. काँक्रीट ओतल्याच्या तारखेपासून बोटांवर अठ्ठावीस दिवस मोजून मी तारीख टाकून दिली होती. त्या दिवशी सण येतो का, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या," एवढंच मी म्हणाले. त्या माझे आभार मानून गेल्या.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि रुमालाने काच पुसली. फोटोत हार घातलेलं मशीन, पेढ्यांचा बॉक्स धरलेले काका आणि शेजारी दात काढून हसणारी मी. "फेकून देऊ या," मी म्हणाले. "कोणाच्या लक्षात आलेलं नाही." हे मीच म्हणाले, आणि त्याची मला लाज वाटते.

काकांनी फ्रेम कापडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "पोरी, त्या बाईची लेक त्याच घरान बाळंत व्हायची हाय."

चौकशीला बेलापूरला आम्हा दोघांना बोलावलं होतं. काकांनी कापडी पिशवीतून फ्रेम काढून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. "या दिवशी मशीन चाललंच नाय, साहेब. क्यूब आलेच नव्हते." अधिकाऱ्यांनी विचारलं, टाइप कोणी केलं? "टाइप मीच केला, सही पन माजीच हाय." काकांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. त्यांच्या रजेचे अर्जही मी टाइप करायची. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. एका शब्दाचं काम होतं, तो माझ्या तोंडून निघाला नाही.

लॅबला सील लागलं. सोसायटीची माणसं दुसरीकडे राहायला गेली, खांबांचं काम सुरू झालं. बाईंच्या मुलीला मुलगी झाली. बाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून." मला पुढचं ऐकवेना. काकांचा सहीचा अधिकार गेला, केस उभी राहिली. मालक जामिनावर सुटून ठणठणीत आहेत. काका म्हणतात, जाळ्यात मोठी मासळीही येते, धीर धरावा लागतो.

मला तुर्भ्यात नोकरी मिळाली. या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन काकांच्या घरी गेले. त्यांनी हसून सोनं घेतलं आणि विचारलं, "तिकडं मशीनला सुट्टी देतात ना?" काकूंनी चहा पुढे केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या नवऱ्याला टाइप करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज टाइप करायला बसले. काकांना विचारलं नाही, त्यांनी नकोच म्हटलं असतं. तो रिपोर्ट मी टाइप केला, क्यूब आले नव्हते हे मला माहीत होतं, तारीख मीच टाकली, असं लिहिलं. शेवटी तारखेपाशी आले आणि हात थांबला. उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आजची तारीख टाकली, आणि खाली सही केली. माझी.